व्यवसायाचे नाव ठरवताना : अस्मिता, व्यवहार आणि कायदा

वस्तीतले तरुण उद्यम नोंदणीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बरेच जण एकाच रकान्यापाशी अडतात : व्यवसायाचे नाव. एक जण म्हणतो, "ताई, 'बुद्ध ट्रेडर्स'च टाका." दुसरा हळूच म्हणतो, "आडनाव नको, ओळख कळली की गिऱ्हाईक तुटेल." या दोन्ही उत्तरांवर थोडे थांबून विचार केला पाहिजे.

दुसऱ्याची भीती खोटी नाही. बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांची जात कळल्यावर ग्राहक फिरकेनासे झाले आणि तो बंद पडला. तरीही पुढे नावे देताना त्यांनी ओळख लपवली नाही. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही नावे वाचली की पत्र कोणाचे आणि कशासाठी, हे कळते. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद राजाचे नाव दिले. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा हा राजा. शिकणाऱ्यांच्या संस्थेला जिज्ञासूचे नाव! नाव कामाशी जुळावे, हा धडा आपण यातून घेऊ शकतो.

आपल्या वारशातील नावे

औषधांच्या दुकानाला 'जीवक' शोभते, कारण जीवक हे बुद्धांचे वैद्य होते. शिकवणीला 'नालंदा' किंवा 'तक्षशिला' चालेल. मात्र ही नावे अनेकांनी आधीच घेतलेली असतात, म्हणून सोबत स्वतःचा वेगळा शब्द जोडा. प्रत्यक्ष तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे नाव मालावर छापण्यापूर्वी विचार करा : वेष्टन शेवटी कचऱ्यात जाते.

कायदा काय सांगतो?

१. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत 'अशोक चक्र' आणि 'धर्म चक्र' हे शब्द आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाहीत. इतरांच्या पाटीवर दिसतात म्हणून चालतात, असे समजू नका.

२. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार धार्मिक भावना दुखावू शकणारे चिन्ह नोंदवता येत नाही. केवळ मालाचे वर्णन करणारे नावही (उदा. 'ताजे दूध') सहसा नाकारले जाते.

३. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. दुसरी भाषा वापरली तर मराठी अक्षरे आधी आणि तिच्याहून लहान नसावीत. २०२२ च्या दुरुस्तीनुसार मद्य विकणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे बुद्धांनी सांगितलेच आहे.

नाव पक्के करण्यापूर्वी

- चार-पाच नावे लिहा. फोनवर एकदाच सांगून समोरच्याला लिहायला लावा. चुकीचे लिहिले तर नाव बदला.
- मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही स्पेलिंगने ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. उच्चार सारखा असला तरी हरकत येऊ शकते.
- कंपनी काढणार असाल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही नाव तपासा.
- गावाचे किंवा एकाच वस्तूचे नाव घेतले तर उद्या धंदा वाढल्यावर ते अपुरे पडेल का, हे पाहा.
- उद्यम किंवा शॉप अ‍ॅक्टची नोंद झाली म्हणजे नावावर मालकी मिळाली, असे होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क घ्या. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे टिकते आणि नूतनीकरण करता येते.
- पहिल्या दिवसापासूनची बिले जपा. वाद झाला तर नाव आधी कोण वापरत होते, याचा तो पुरावा ठरतो.

राहिला प्रश्न आडनावाचा. पाटीवर आडनाव घालायचे की नाही, हे मालकाने ठरवावे. कोणी पोटापाण्यासाठी ते टाळले तर त्याला 'घाबरट' म्हणू नका. दोष त्याचा नाही, आडनाव पाहून पाठ फिरवणाऱ्या समाजाचा आहे. आपले काम सोपे आहे : आपल्या माणसाच्या दुकानात जा, बिल मागा आणि उधारी वेळेवर फेडा.

जय भीम, नमो बुद्धाय!