‘वुई’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

इंग्रजीतील ‘वुई’ हा शब्द इतका नित्याचा आहे की त्याचा अर्थ कोशात पाहावा, असे कोणाच्या मनातही येत नाही. संस्कृतातील ‘वयम्’ आणि हा ‘वुई’ यांचे मूळ एकच. परंतु बोलणारा समोरच्यास आपल्यात धरतो आहे की वगळतो आहे, हे त्यावरून कळत नाही.

तंजावरास ही अडचण कधी भासली नसावी. तेथील तमिळ भाषेत ‘नाम्’ म्हणजे तुम्हांसह आम्ही आणि ‘नांगळ्’ म्हणजे तुम्हांवाचून आम्ही. इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले. त्यांच्याबरोबर गेलेल्या मराठीतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा हाच भेद होता. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही, गुजरातीत मात्र आहे. हा द्राविडी सहवासाचा परिणाम असावा, हे काही भाषापंडितांचे मत मला ग्राह्य वाटते. ‘आम्ही’ हा प्राकृत ‘अम्हे’पासून आला, तर ‘आपण’ ‘आत्मन्’पासून. स्वतःचा वाचक शब्द दुसऱ्यासही सामावून घेऊ लागला आणि पुढे ‘आपण बसावे’ असा आदराने ‘तुम्ही’च्या जागीही जाऊन बसला!

व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नाटकात तमिळ व मराठी यांना एकाच रंगमंचावर आणले. त्याच प्रदेशातील तरंगंबाडीस १७०६ साली झीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक उतरला, आणि १७१४-१५ मध्ये तेथे नव्या कराराची तमिळ छपाई झाली. तमिळमध्ये प्रार्थना उतरविताना ‘आमचा पिता’ यातील ‘आमचा’ कोणता, हे ठरविल्यावाचून लेखणी पुढे सरकत नाही. रूढ तमिळ पाठात ‘एंगळ्’ आहे, मराठीत ‘आमच्या’. ज्याला हाक मारायची तो हाक मारणाऱ्यांत कसा मोजावा? इंग्रजी ‘अवर’ला हा विचार करावाच लागला नाही.

आपल्या संविधानाची उद्देशिका इंग्रजीत ‘वुई’ने सुरू होते. तमिळ पाठात तेथे ‘नाम्’ आहे, मराठीत ‘आम्ही’. म्हणजे तमिळ वाक्य जणू घरच्या माणसांत बसून बोलले आहे, तर मराठी वाक्य जगास उद्देशून. मला तमिळ निवड अधिक भावते. कारण येथे ऐकणारे आणि बोलणारे एकच आहेत. तथापि मराठी पाठास दोष देववत नाही. ‘आपण, भारताचे लोक’ असे लिहिले असते, तर ‘आपण’च्या त्या आदरार्थी सवयीमुळे कोणी तरी समोर उभे राहून आपणांस संबोधीत आहे, असा भास झाला असता.