खुराड्यातलं विज्ञान



स्मरणिकेसाठी संगणकाविषयी लिही, असं मला सुचवलं गेलं होतं. पण मी कोंबड्यांविषयी लिहिते आहे. शाळेच्या विहिरीमागचं खुराडं आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत गमतीचा विषय म्हणून उरलं आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे, तो आपल्या स्मरणिकेत नोंदलेला असावा.

महाराष्ट्रात हातांना काम देणाऱ्या शिक्षणाचा विचार जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग घालून दिला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. वेळापत्रकात 'कार्यानुभव' आलाही, पण बहुतेक शाळांत तो खडू आणि कागदी फुलं करण्यापुरता राहिला. त्यात ना गाव होतं, ना गावाची भूक.

ही उणीव भरून काढण्याचा एक गंभीर प्रयत्न पुणे जिल्ह्यातल्या पाबळला झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, नंतर म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था आणि हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन, असा त्यांचा प्रवास. १९८३ मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी जो विषय तयार झाला, त्याचे चार भाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं, शिकवायला गावातलाच कसबी माणूस घ्यायचा आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडायला हवं, अशी त्याची रचना होती. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली. कलबाग सर २००३ मध्ये गेले. विषय अनेक शाळांत पसरला.

आपल्या सरांनी ही कल्पना उचलली आणि विहिरीमागे खुराडं उभं राहिलं. तिथे आपण काय शिकलो, ते आज नीट कळतं. पिल्लांचं वजन दर शनिवारी करायचं, खाद्य मोजून टाकायचं आणि दोन्हींचा आलेख काढायचा. ब्रॉयलरचं वजन एक किलो वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं, हे गुणोत्तर आपण पुस्तकाआधी तराजूवर पाहिलं. मानमोडीची लस डोळ्यात थेंबाने देताना जंतू आणि प्रतिकारशक्ती हे शब्द कळले. पुढे संगणकाच्या कामात विदा, नोंदी आणि चाचणी यांच्याशी माझं आयुष्य जोडलं गेलं. त्यांची पहिली वही खुराड्यातली होती.

तरीही एक प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही: अंडं खाल्लं कोणी? खाद्याचा खर्च निघावा म्हणून अंडी बाजारात जात. घरीही हीच रीत होती. आई कोंबड्या पाळायची, अंडी विकून तेल-मीठ आणायची आणि एखादं अंडं उरलंच, तर ते भावाच्या ताटात जायचं. उत्पन्न वाढलं की पोषण आपोआप सुधारतं, असा समज होता. तो अपुरा होता. पाबळच्या अभ्यासक्रमात पशुपालनाच्या जोडीला गृह-आरोग्याचा भाग आहे, त्यात मुलं हिमोग्लोबिन तपासायलाही शिकतात. खुराडं आणि ताट यांना जोडणारा दुवा तोच आहे. आपल्याकडे खुराडं आलं, तो दुवा मागे राहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एका अंड्याने रक्तक्षय जात नाही. लोहासाठी पालेभाज्या, कडधान्यं, गोळ्या लागतातच. पण अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात, शिवाय भाकरीत नसलेलं ब-१२ जीवनसत्त्व असतं.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला आणि अंडी लोकसहभागातून द्यावीत, असं सांगण्यात आलं. आता लोकसहभाग म्हणजे आपणच.

म्हणून संमेलनाच्या निधीबाबत माझा प्रस्ताव आहे. नवी संगणक खोली पुढच्या वर्षी करू. यंदा खुराडं पुन्हा उभारू. सुधारित गावरान कोंबडी वर्षाला साधारण दीडशे अंडी देते. पन्नास कोंबड्यांची साडेसात हजार झाली. दोनशे मुलांत वाटली, तर प्रत्येकाला सदतीस, म्हणजे शाळा भरते त्या जवळजवळ प्रत्येक आठवड्याला एक. माळकरी घरांतल्या मुलांसाठी दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या ठेवता येतील. खाद्याचा आणि लसीचा खर्च आपण वर्गणीतून उचलू, म्हणजे अंडी विकायची वेळ येणार नाही. नोंदवही मुलंच ठेवतील. तिच्यात खाद्य, वजन, अंडी या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: 'खाल्ली'.

सरांनी आणि बाईंनी होकार दिला, तर पहिल्या पन्नास पिल्लांचे पैसे माझ्याकडून.