वारेच्या कर्करोगाची हकिकत

कर्करोग म्हटले की आपल्या मनात पहिला विचार जिवाचा येतो. परंतु तरुण बाईच्या मनात पाठोपाठ दुसराही येतो, "मला आता मूल होईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला ती लाजते, सासूला विचारायला भिते, आणि नवऱ्याला विचारून उपयोग नसतो, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नसते. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. वैद्यकशास्त्र मला कळते असा माझा मुळीच दावा नाही. पण आमच्या घरात हा प्रश्न येऊन गेला, तेव्हापासून मिळेल ते वाचले आणि न समजलेले माझ्या परिचारिका भाचीकडून समजावून घेतले. त्यात एका रोगाचा इतिहास असा सापडला की त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जातो. तोच येथे सांगते.

बाळाबरोबर जी वार वाढते, तिच्या पेशींचाच कर्करोग होऊ शकतो. पुष्कळदा त्याच्या आधी द्राक्षगर्भ राहिलेला असतो. म्हणजे दिवस गेल्याची सगळी लक्षणे असतात, उलट्या तर जरा जास्तच. परंतु पोटात बाळाऐवजी द्राक्षाच्या घोसासारखे पाण्याचे फोड असतात. हॉलंडात लोसदौनेन नावाचे गाव होते. तेथली आख्यायिका अशी की, १२७६ साली मार्गारेट नावाची एक सरदारीण जुळ्यांच्या आईला, एका भिकारणीला, वाईटसाईट बोलली आणि त्या शापाने तिला एकाच वेळी ३६५ मुले झाली. तो द्राक्षगर्भ असावा असे काही डॉक्टर म्हणतात. मला नवल वाटले ते याचे की, इतक्या दूरच्या देशातही लोकांनी दोष शोधला तो बाईच्याच जिभेत!

हा रोग वारेपासून होतो हे जर्मनीतल्या मार्शां नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली दाखवून दिले. पुढे १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी लघवी उंदरांना टोचून गर्भारपण ओळखण्याची रीत काढली. वार जे द्रव्य तयार करते, तेच हा रोगही तयार करतो. म्हणजे ज्या परीक्षेने घरात पेढे वाटायचे, तीच परीक्षा रोग उरला आहे हेही सांगू लागली. उपाय मात्र एकच होता, गर्भाशय काढून टाकणे. रोग एकदा फुप्फुसात गेला की त्याचाही उपयोग होत नसे. विशी-पंचविशीच्या बाया कूस आणि जीव दोन्ही गमावून बसत.

आता मुंबईकडे वळू. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत आणि त्यांतल्या पुष्कळ बाळंतपणात दगावत. विल्सबाईंनी त्या काय खातात ते पाहिले, परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त भरून येते हे १९३१ साली छापून प्रसिद्ध केले. त्या अर्कात गुण कशाचा हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ साली ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज गरोदरपणात दवाखान्यातून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत हेच असते.

१९४५ साली अमेरिकेत ते कारखान्यात बनविणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. बायकोला मागे ठेवून ते परदेशी गेले आणि १९४८ साली वारले, पण परत आलेच नाहीत. त्या माउलीचाही कुणी इतिहास लिहायला हवा होता. असो. त्यांच्याच प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशीला उपाशी ठेवणारी औषधे तयार झाली. त्यांतले एक मेथोट्रेक्सेट.

गर्भाच्या पेशींना फॉलिक ॲसिडची भूक फार. मग वारेच्या कर्करोगालाही असणारच. अमेरिकेतील बेथेस्डा येथे हर्ट्झ व चिनी डॉक्टर मिन चिऊ ली यांनी हा विचार धरून बायांना मेथोट्रेक्सेट दिले, आणि १९५६ साली फुप्फुसातल्या गाठी विरघळल्याचे जाहीर केले. ली यांचा हट्ट असा की, गाठी दिसेनाशा झाल्या तरी लघवीतले ते द्रव्य पुरते जाईपर्यंत औषध थांबवायचे नाही. वरिष्ठांना हा अघोरीपणा वाटला, आणि ली यांना ती संस्था सोडावी लागली. परंतु औषध लवकर थांबविले त्यांचा रोग उलटला, आणि ली यांच्या बाया वाचल्या. १९७२ साली त्यांना व हर्ट्झ यांना लास्कर पारितोषिक मिळाले. बऱ्या झालेल्या कित्येकींची कूस शाबूत राहिली आणि त्यांना पुढे धडधाकट मुले झाली. आज हा रोग वेळेवर सापडला तर जवळजवळ सगळ्याच बाया बऱ्या होतात.

आमच्या धाकट्या जावेला २००३ साली हेच झाले. तिसरा महिना होता. सासूबाईंनी चार घरी सांगूनही ठेवले होते. पिशवी साफ केली, तरी रक्तातले आकडे चढतच राहिले आणि इंजेक्शने सुरू झाली. केस विरळ झाले, तोंड आले, ते तिने सोसले. सोसवले नाही ते लोकांचे समजावणे. "मूल नव्हतेच ना, मग रडतेस कशाला?" असे घरोघरच्या शहाण्या बाया म्हणत. पण तिने नाव ठरवून ठेवले होते! पुढे वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि त्याच वर्षी हळदीकुंकवाला एकीने ओटी भरताना तिला वगळले. २००६ साली तिला मुलगी झाली. नऊ महिने तिने एक झबले शिवले नाही की कुणाला शिवू दिले नाही. सगळे कपडे बाळ रडल्यावर आणले.

सगळ्याच कर्करोगांत असे घडत नाही. काही औषधांनी आणि किरणांनी बीजकोश सुकून जातात. जावेच्या शेजारच्या खाटेवर बावीस वर्षांची एक मुलगी होती, रोग दुसरा होता. ती बरी झाली, पण पाळी कायमची गेली. त्याच सुमारास, २००४ साली, ब्रुसेल्स शहरात एका बाईला मुलगी झाली. तिच्या बीजकोशाचा तुकडा औषधांपूर्वीच काढून बर्फापेक्षा थंड करून ठेवला होता आणि बरी झाल्यावर परत बसविला होता. शेजारच्या खाटेवरच्या त्या मुलीशी मात्र, औषधे सुरू होण्यापूर्वी, पुढे मूल होण्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. बरोबर वडील आणि चुलते बसलेले असल्यामुळे तिनेही विचारले नव्हते.