पांढऱ्या फॉस्फरसाची काडी

एकोणिसाव्या शतकांत कोठेंही घांसून पेटणाऱ्या स्वस्त काडीच्या टोकास पांढरा फॉस्फरस असे. त्याच्या वाफेनें कारखान्यांतील मजुरांच्या जबड्यांचीं हाडें कुजत. वास्तविक तांबड्या फॉस्फरसाच्या निर्धोक आगपेट्या स्वीडनांत १८५५ पासून होत होत्या आणि फिनलंडनें १८७२ सालींच पांढऱ्यास बंदी केली. इंग्लंडनें मात्र १८९५ सालीं रोग्यांची वर्दी देण्याचीच काय ती सक्ती केली. पण लंडनच्या ब्रायंट आणि मे कंपनीनें कित्येक रोगी लपविल्याचें १८९८ सालीं उघडकीस आलें. दंड झाला अवघा २५ पौंड ९ शिलिंग! इतक्या स्वस्तांत सुटका होत असतां कारखानदार वर्दी देईल कशाला, असें आम्हांस वाटतें. १९०८ च्या कायद्यानें ही काडीच बंद केली, तेव्हां लपविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. हिंदुस्थानांत तसा कायदा १९१३ सालीं झाला.