चाक कुणाच्या हाती, जबाबदारी कुणाच्या माथी?



गावाजवळच्या रस्त्यावर ट्रकचा अपघात झाला की लोक आधी विचारतात, "ड्रायव्हर सापडला का?" चार दिवसांनी ही चौकशी थांबते. मग ज्या घरातला कर्ता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, त्या घरच्या बाईपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. दवाखान्याचं बिल, पोरांची शाळा, सोसायटीचं कर्ज, हे आता कोण भरणार? ड्रायव्हरला तुरुंगवास झाला म्हणून तिच्या घरात रुपयाही येत नाही. शिक्षेची वाट वेगळी आणि भरपाईची वाट वेगळी. ही भरपाईची वाट कशी तयार झाली, त्याचा इतिहास आज सांगते.

इंग्रजांच्या जुन्या कायद्यात एक विचित्र नियम होता. माणूस जखमी झाला तर तो भरपाई मागू शके. पण तो मेला, तर त्याच्याबरोबर त्याचा हक्कही मेला! म्हणजे एखाद्याला जायबंदी करण्यापेक्षा जिवे मारणं स्वस्त. इंग्लंडने १८४६ मध्ये हा नियम बदलला आणि १८५५ मध्ये आपल्याकडे प्राणघातक अपघात कायदा आला. नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. विधवेचा हक्क कागदावर आला खरा. पण त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं, कोर्ट फी भरायची, चूक सिद्ध करायची. एवढं करून जिंकलं, तरी समोरच्याकडे पैसाच नसेल तर काय?

त्यावरचा उपाय म्हणजे विमा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात 'तिसऱ्या पक्षाचा विमा' आला आणि १ जुलै १९४६ पासून तो सक्तीचा झाला. गाडीमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि रस्त्याने चाललेली तुम्हीआम्ही माणसं हा तिसरा पक्ष. आपण विम्याचा हप्ता भरलेला नसतो, तरी त्या विम्यावर आपला हक्क असतो. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची तरतूद झाली. अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट, पद्धत सोपी.

पण गाडीमालकांची पळवाट ठरलेली होती. "मी तर घरी होतो, चूक ड्रायव्हरची." त्यावर कायद्याचं उत्तर असं की, तुझ्या कामावर असताना तुझ्या माणसाने केलेली चूक ही तुझीही चूक. हे उत्तर पदरात पडायला किती वर्षं लागत, ते एका खटल्यातून दिसतं. डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याला निघाली. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता. ती झाडावर आदळली आणि आतला प्रवासी गेला. त्याच्या बायकोने दावा लावला. हायकोर्टात तिच्या विरुद्ध निकाल गेला. शेवटी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. न्यायालय म्हणालं, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळते, तेव्हा निष्काळजीपणा झालाच आहे असं धरावं. झाला नाही हे गाडीवाल्याने दाखवावं. तोवर सोळा वर्षं उलटून गेली होती.

त्याच वर्षी मुंबईतल्या एका लॉरीच्या अपघाताचा निकाल लागला. मालकांचं म्हणणं होतं, गाडीत अचानक बिघाड झाला, आमचा काय दोष? न्यायालयाने सांगितलं, बिघाडाचं कारण पुढे करायचं असेल, तर गाडीची नीट निगा राखली होती हे मालकानेच सिद्ध करायचं. म्हणजे ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल यांची जबाबदारी मालकाची. मात्र याच निकालात असंही ठरलं, की कुणाची तरी चूक दाखवल्याशिवाय भरपाई मिळणार नाही. रात्रीच्या वेळी अपघात झाला, साक्षीदार नाही, तर चूक दाखवणार कशी? म्हणून १९८२ मध्ये संसदेने कायदा बदलला. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाला तर १५,००० रुपये द्यायचेच. आज नव्या कायद्यात अशी बिनदोष भरपाई मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. ती स्वीकारली की मोठ्या रकमेचा दावा पुढे चालत नाही, म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारावं.

आता ड्रायव्हरची बाजूही पाहू, कारण तोही कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने त्याच्या कामाचे तास ठरवले. दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी. गाडीत किती माल भरायचा, त्यालाही मर्यादा आहे. हे पाळलं असतं तर किती घरं वाचली असती! माल लवकर पोहोचवायची घाई मालकाची आणि व्यापाऱ्याची असते, झोप मात्र ड्रायव्हरची उडते.

अपघात झाल्यावर ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं, हे कायद्यात पूर्वीपासून आहे. जमाव मारेल या भीतीने कित्येक ड्रायव्हर पळतात. नव्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणाने जीव घेऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण हे पोटकलम तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. गाडी सापडलीच नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम पंचवीस हजार होती. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

अपघातात घरची बाई गेली तर? "ती कुठे कमवत होती?" असं विचारलं जायचं. १९९४ च्या कोष्टकात न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका गृहिणीची भरपाई अडीच लाखांवरून सहा लाख केली आणि जनगणनेत गृहिणींना भिकाऱ्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल कान उपटले. घरकामाला मोल आहे, हे कोर्टाने तेव्हा स्पष्ट सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या वाटेत एक खड्डा अजून आहे आणि त्यात आपल्याच बाया पडतात. खुरपणीला जाताना, लग्नाला, जत्रेला जाताना आपण टेम्पोत, पिकअपमध्ये, ट्रकच्या हौद्यात बसतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणाऱ्या मालाच्या मालकाला आणि त्याच्या माणसाला विम्यात घेतलं. पण डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मालवाहू गाडीत नुसतं बसून निघालेल्या माणसांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. गाडी उलटली तर मालकावर दावा लागतो, पण त्याच्याकडे एकच कर्जाची पिकअप असेल तर वसुली कशाची करायची? म्हणजे रस्त्याने पायी चालणाऱ्या बाईला विम्याचा आधार आहे, आणि त्याच गाडीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या बाईला तो नाही.

अशी वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल, दवाखान्याचे कागद, गाडीचा नंबर, विम्याचा तपशील आणि ड्रायव्हरचा परवाना यांची माहिती लगेच गोळा करा. दावा सहा महिन्यांच्या आत लावावा असं आताचा कायदा सांगतो, म्हणून दिवसकार्य आटोपल्यावर थांबून राहू नका. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. महिलांना जिल्हा आणि तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की एवढं एक विचारा: आपल्याला रोज कामावर नेणारी गाडी माणसांची आहे की मालाची? मुकादमालाही विचारा. जायचं तर सगळ्याच जणींना आहे, पण दहा जणींनी मिळून विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.