नाणेघाट: लेखात नसलेली माणसं

दापोड्याच्या गोदामांतला माल आज ट्रकनं घाटावर जातो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटानं जुन्नरकडे चढायचा. आपण वैशाखऱ्याहून तीच वाट चढतो, जीवधनाशेजारच्या कड्यावरून कोकण न्याहाळतो आणि देखाव्यावरच थांबतो. माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे; यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं त्यात आकड्यांनी मोजलीत. ओझं वाहणाऱ्यांची मोजदाद मात्र नाही. त्यांची साक्ष पायाखालचे झिजलेले दगडच देतात. हमालाची रीतसर नोंद व्हावी म्हणून महाराष्ट्राला १९६९ साली माथाडी कायदा करावा लागला. म्हणून आम्ही म्हणतो, लेख वाचा, तशी वाटही वाचा.