लायब्ररीत जाझ आला तो असा

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आज चार्ल्स मिंगसच्या हस्तलिखित स्वरलिप्या आहेत, विल्यम गॉटलिब यांनी काढलेली जाझवादकांची छायाचित्रं आहेत. पण या संग्रहाचं मूळ मला खरेदीच्या नोंदींपेक्षा एका माणसाच्या संतापात दिसतं.

मार्च 1938 मध्ये रॉबर्ट रिप्ले यांच्या रेडिओ कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांना जाझचे जनक म्हटलं गेलं. न्यू ऑर्लिन्सचा जेली रोल मॉर्टन तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका लहान क्लबात पियानो वाजवून पोट भरत होता. 1920 च्या दशकात गाजलेलं त्याचं नाव मागे पडलं होतं. त्यानं चिडून पत्र लिहिलं: जाझ 1902 मध्ये मी निर्माण केला. दावा टिकणारा नव्हता, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं.

मे महिन्यात तो लायब्ररीत आला. लोकगीतांच्या संग्रहाचं काम पाहणारा अ‍ॅलन लोमॅक्स अवघा 23 वर्षांचा होता, आणि जाझ लोकसंगीताला गिळतोय असं त्याचं ठाम मत होतं. मॉर्टन पियानोवर बसला आणि ते मत फार काळ टिकलं नाही. चेंबर संगीतासाठी बांधलेल्या कूलिज सभागृहात तबकड्यांमागून तबकड्या कोरल्या गेल्या; सगळं मिळून आठ तासांहून अधिक. क्वाड्रिल या जुन्या नृत्याच्या संगीताचा ‘टायगर रॅग’ कसा झाला हे तो वाजवून दाखवी, न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रा वर्णन करी, जाझमध्ये स्पॅनिश रंग हवाच असं सांगून डाव्या हातानं तो ठेका धरी. कलावंतानंच आपल्या कलेचा इतिहास वाद्यासह सांगावा, आणि ग्रंथालयानं तो जतन करावा, हे मला कोणत्याही दुर्मीळ ग्रंथाइतकं मोलाचं वाटतं. तबकड्या बाजारात येण्याआधीच, 1941 मध्ये, मॉर्टन गेला. त्यातली अश्लील गाणी तर कित्येक दशकं बाहेर आलीच नाहीत.

पुढे संग्रह वाढला, पण जतन करणं आणि आपल्याकडे काय आहे हे ठाऊक असणं या दोन वेगळ्या गोष्टी. 29 नोव्हेंबर 1957 रोजी कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजले. व्हॉइस ऑफ अमेरिकानं केलेल्या त्या मुद्रणाच्या फिती लायब्ररीत आल्या आणि पडून राहिल्या. डब्यांवर कोल्ट्रेनचं नावच नव्हतं. 2005 च्या सुरुवातीला जुन्या फितींचं डिजिटायझेशन करताना लायब्ररीतल्या लॅरी अ‍ॅपलबॉम यांनी तो सॅक्सोफोन ओळखला. त्याच वर्षी ती मैफल सीडीवर निघाली, आणि मॉर्टनच्या मुद्रणांचा पूर्ण संचही.